सिक्वेन्शियल सीएनजी किट: दोन पावसाळे वापरल्यावर आणि एकदा पीयूसीत नापास झाल्यावर

गाडी २०१४ ची, बीएस-४ (धुराच्या सरकारी मर्यादांचा चौथा टप्पा), बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. रोज चिंचवड ते चाकण आणि परत, शिवाय अधूनमधून साताऱ्याची फेरी. पेट्रोलवर शहरात तेरा-चौदाच्या वर अ‍ॅव्हरेज मिळत नव्हतं, म्हणून बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. ६० लिटरची टाकी आणि सिक्वेन्शियल पद्धत, म्हणजे चारही सिलिंडरना आपापला गॅस इंजेक्टर. त्याच सुमारास गंजून भोकं पडलेला सायलेन्सर काढून बाजारातला फ्री-फ्लो, म्हणजे धुराला कमी अडवणारा, टाकला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, मात्र कंपनीचाच, जागच्या जागी ठेवला. पुढे काय झालं ते समजायला हा तपशील लागेल.

आधी किटचं. किट मला आवडलंय. किलोला एकोणीस-वीस मिळतात, शहरातल्या वाहतुकीत तर पेट्रोलची आठवणही होत नाही. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ गॅसवर एक गिअर खाली घेऊन चढावा लागतो, भरलेल्या गाडीत तर नक्कीच. डिकी गेली, ती गेलीच. पंपावरची रांग हा ज्याच्या त्याच्या भागातल्या पंपांचा प्रश्न आहे. इथवर सगळं तुम्ही इतरांकडूनही ऐकलं असेल. माझ्या अनुभवात वेगळं आहे ते पीयूसीचं प्रकरण, आणि बाहेरून किट बसवलेल्या किंवा एक्झॉस्ट बदललेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

झालं असं की पीयूसीची मुदत संपत आली म्हणून नेहमीच्या केंद्रावर गेलो. पेट्रोलवर नळी लावली, रेस द्यायला सांगितलं. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "साहेब, लॅम्बडा बाहेर जातोय." मग गॅसवर टाकून बघितलं, तर तिथे एचसी, म्हणजे न जळलेलं इंधन, जास्त. (दोन्ही आकडे पुढे सांगतो.) "ट्यूनिंग करून आणा," एवढं सांगून त्याने रिजेक्शन स्लिप हातात दिली. शेजारी उभ्या असलेल्या एकाने लगेच हळू आवाजात सुचवलं की थोडे जास्त पैसे दिले तर दुसऱ्या गाडीच्या धुरावर काम होऊन जाईल. मी नाही म्हटलं. ज्या गाडीत रोज पोरांना बसवतो, तिच्या इंजिनात काय चाललंय हे मला खोटं सांगून घ्यायचं नव्हतं.

ती स्लिप कृपा करून फेकू नका. नापास म्हणजे नापास एवढंच वाचून लोक गॅरेज गाठतात आणि तिथे अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. स्लिपवरच्या आकड्यांतच निम्मं निदान असतं. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर, म्हणजे रेस न देता, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन, म्हणजे एचसी, २०० पीपीएमच्या आत लागतं. मग रेस देऊन २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्बडा ०.९७ ते १.०३ यांच्या मध्ये. लॅम्बडा १ म्हणजे हवा आणि इंधन अगदी बेताचं. १ च्या वर गेला तर हवा जास्त, खाली आला तर इंधन जास्त. सीएनजीवर मीटरने मोजलेल्या एचसीला ०.३ ने गुणून मग मर्यादेशी ताडतात, कारण त्यातला मोठा वाटा मिथेनचा असतो. माझ्या गाडीचं गॅसवरचं एचसी मीटरवर हजाराच्या पुढे होतं, म्हणजे गुणल्यावरही तीनशेच्या वर. थोडक्यात हुकलेली गाडी नव्हती ती.

पेट्रोलवरचा प्रश्न आधी घेतला. लॅम्बडा १.०८, ऑक्सिजन वाढलेला, पण कार्बन मोनॉक्साइड आणि एचसी दोन्ही मर्यादेत. पहिल्या गॅरेजवाल्याने स्लिपकडे न बघता ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगितला आणि खर्चाचा आकडाही ऐकवला. मला ते पटेना. इंजिनाला खरोखर इंधन कमी पडत असतं, तर आयडल डगमगलं असतं, मिसफायर होऊन एचसी चढलं असतं. इथे जळण व्यवस्थित होत होतं, फक्त धुरात कुठून तरी बाहेरची हवा मिसळत होती. पीयूसीची नळी टेलपाइपमध्ये असते. मधल्या पाइपला कुठेही फट असली की धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी तिथून हवा आत ओढली जाते, आणि मशीन बिचारं समोर येईल तेच मोजतं.

ही फट शोधायला फार काही लागत नाही. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना चालू केली, भावाला जाड ओलं फडकं टेलपाइपवर दाबून धरायला लावलं आणि मी खाली वाकून स्प्रेच्या बाटलीतलं साबणाचं पाणी एकेका जोडावर मारत गेलो. हे थंड इंजिनावरच करा आणि उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये नको. नवीन सायलेन्सरच्या पुढच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टच्या जोडावर, पाणी पडताच बुडबुडे यायला लागले. तिथलं जुनं पॅकिंगच परत वापरलेलं होतं, एका बाजूने चेपलेलं आणि काळं पडलेलं. शिवाय वेल्डिंगच्या कडेला सुई जाईल एवढं एक छिद्र होतं, तिथून साबणाचा बारीक फेस सलग येत राहिला. नवं पॅकिंग आणि दोन मिनिटांचं वेल्डिंग, खर्च काही शेकड्यांत. पुढच्या तपासणीत पेट्रोलवर लॅम्बडा १.०१. सेन्सर आजही तोच आहे.

फट पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असती, तर चित्र उलटं दिसलं असतं. सेन्सरला जादा हवा दिसते, इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंधन कमी पडतंय, तो इंधन वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइड चढतं. म्हणून एक्झॉस्टला हात लावलेल्या गाडीत बाकी काहीही बदलण्याआधी इंजिनाला लागलेल्या मॅनिफोल्डपासून टोकापर्यंत प्रत्येक जोड तपासा.

गॅसची बाजू जास्त किचकट निघाली, आणि इथे साध्या ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरने (इसीयूतली माहिती मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) मला सगळ्यात जास्त मदत केली. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आहे, त्यामुळे तशी गाडी असेल तर स्टिअरिंगखाली पोर्ट सापडेलच. त्यात लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघायचा. इसीयूने मूळ हिशोबापेक्षा इंधन किती टक्के वाढवलंय किंवा घटवलंय ते त्यात दिसतं. पेट्रोलवर बराच वेळ चालवून बघितलं तर ट्रिम शून्याच्या आजूबाजूला. गॅसवर टाकून त्याच रस्त्याने तसंच चालवलं तर अधिक सतरापर्यंत चढला. म्हणजे इंजिन, सेन्सर, इंधनाची मूळ व्यवस्था धडधाकट आहे, गॅसच कमी पोचतोय.

यात एक गोम आहे, आणि ती बसवणारे सांगत नाहीत. सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या इसीयूकडूनच इंजेक्शनची वेळ उचलतं आणि तिला आपल्या मॅपमधल्या, म्हणजे ठरवून दिलेल्या तक्त्यातल्या, आकड्याने गुणून गॅस इंजेक्टर उघडतं. मॅप चुकीचा असला किंवा गॅस कमी येत असला की पेट्रोलचा इसीयू भरपाई करत करत ती सवय लक्षात ठेवतो. मग तुम्ही स्विच दाबून गाडी पेट्रोलवर टाकलीत की तो पेट्रोलही सतरा टक्के जादा सोडतो. थोड्या वेळाने सेन्सर त्याला परत ताळ्यावर आणतो, पण पीयूसीच्या नळीसमोर तेवढा वेळ मिळेलच असं नाही. म्हणून दोन्ही इंधनांची तपासणी असेल तर पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवरच चालवत केंद्रावर जा, आधी पेट्रोलची तपासणी करून घ्या, मग गॅसची.

गॅस का कमी येतोय ते कळलं लो प्रेशर फिल्टर उघडल्यावर. रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) आणि इंजेक्टर रेलच्या मध्ये डबीएवढा असतो तो. आतली कागदी घडी मूळ पांढरी असावी, माझी तपकिरी-काळी होऊन तेलाने चिकट झाली होती, बोटाला ग्रीससारखा थर लागला. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर थोडंथोडं येत राहतं आणि इथे साचतं. किट बसवणाऱ्याकडे सर्व्हिसला नियमाने गाडी नेऊनही त्याने हा फिल्टर एकदाही बदललेला नव्हता, बिलावर मात्र 'गॅस सर्व्हिस' लिहिलेलं. याचा मला खरंच राग आला. वस्तू दोन-तीनशे रुपयांची, वीस हजार किलोमीटरला बदलायची. हे काम गॅसवाल्याकडूनच करून घ्या, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आणि लाइन रिकामी करून. स्वतः पाना घेऊन लागू नका. पण समोर उभे राहा आणि जुना फिल्टर हातात मागून घ्या.

फिल्टर बदलल्यावर ट्रिम अधिक सहा-सातवर आला. एचसी उतरलं, तरी पुरेसं नाही. मग स्पार्क प्लग. मिथेनच्या मिश्रणाला पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर बिनतक्रार चालणारा झिजलेला प्लग गॅसवर मधेच चुकतो, आणि न जळलेला गॅस सरळ बाहेर. माझ्या प्लगची गॅप १.१ मिलिमीटर झाली होती. नवे प्लग फिलर गेज लावून ०.८ वर बसवले. त्याच दिवशी सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगला जाणवणारी बारीक थरथर गेली.

शेवटी मॅप. यासाठी मी दुसऱ्या फिटरकडे गेलो, आणि या माणसाचं काम बघण्यासारखं होतं. त्याने लॅपटॉप जोडून मला शेजारी बसवलं आणि मोशी-आळंदी रस्त्याला गाडी काढली. आधी पेट्रोलवर, मग गॅसवर, हलक्या पायापासून चौथ्या गिअरमध्ये दाबून चालवण्यापर्यंत. स्क्रीनवर पेट्रोलच्या इंजेक्शनच्या वेळेची एक रेघ उमटत गेली आणि गॅसवर दुसरी. "दादा, या दोन रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. तुमची खाली जुळतेय आणि जोर लावला की फाटतेय," तो म्हणाला. जिथे फाटत होती तिथले आकडे वाढवले, परत चक्कर मारली, परत बघितलं. पहिल्या ठिकाणी हे काम दुकानासमोर उभ्या गाडीत, आयडलवर आटोपलं होतं. परत आलो तेव्हा ट्रिम दोन्ही इंधनांवर तीनच्या आत होता.

पुढच्या खेपेला गाडी पास झाली, दोन्ही इंधनांवर, आणि ऐसपैस अंतराने. जायच्या आधी हायवेवर चांगली तापवून नेली होती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नीट काम करायला किमान अडीचशे-तीनशे अंश तापमान लागतं, आणि मिथेन जाळायला त्याहून बरंच जास्त. रांगेत अर्धा तास इंजिन बंद करून थांबलात तर नळी लावण्याआधी पुन्हा दोन-तीन मिनिटं रेस ठेवा. मशीनवर इंधन कोणतं निवडलंय तेही बघा. लॅम्बडाचा हिशोब इंधनाप्रमाणे बदलतो आणि गर्दीत गॅसची गाडी पेट्रोलच्या सेटिंगवर मोजली जाऊ शकते.

फ्री-फ्लोबरोबर कन्व्हर्टरही काढून टाकायचा सल्ला मला एकाहून जास्त ठिकाणी मिळाला. वर सेन्सरला धुरापासून लांब ठेवणारा स्पेसर लावून देतो, म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागणार नाही, हेही. दिवा फसेल, नळी फसणार नाही. ठणठणीत इंजिनाच्या धुरातही कन्व्हर्टरच्या आधी अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतं, ते ०.३ च्या आत आणायचं काम कन्व्हर्टरच करतो. आणि तो धूर जातो शेजारच्या दुचाकीवाल्याच्या नाकात. कृपा करून हे करू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: किटला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी आहे ना (आपल्याकडे पुण्यातली एआरएआय) आणि ती तुमच्या इंजिनाच्या क्षमतेला लागू आहे ना, हे बसवण्याआधी बघा. आरसीवर सीएनजीची नोंद आरटीओकडून करून घ्या. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी.

माझी शिफारस विचाराल तर, महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर होत असतील तर किट जरूर घ्या. पैसे मात्र किटच्या नावापेक्षा फिटर बघून मोजा. रस्त्यावर गाडी काढून मॅप करतोस का, असं आधीच विचारा. नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. मला अजून एक काम बाकी आहे. गॅसवर व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका जास्त झिजतात, टॅपेटची फट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची मोकळीक) कमी होत जाते आणि मग व्हॉल्व्ह नीट बसेनासे होऊन एचसी पुन्हा चढतं. पुढच्या सर्व्हिसला टॅपेट मोजून घेणार आहे.