एक्सचेंज पार्टनरशी ओळख: व्हिडिओ कॉल की व्हॉइस मेसेज?

एक्सचेंज कार्यक्रमात ज्याच्या घरी राहायला जायचं, त्या परदेशी पार्टनरशी पहिल्या व्हिडिओ कॉलची सुरुवातीची मिनिटं "आवाज येतोय का?" यातच जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असला तर बोलणं सहसा अडत नाही. तो फार वाढला की दोघं एकदमच बोलायला लागतात, मग दोघंही एकदम गप्प. समोरचा लाजतोय, कंटाळलाय की नेट अडकलंय, काही कळत नाही.

व्हॉइस मेसेजला ही भानगड नाही. परकी भाषा अडखळत बोलणाऱ्याला तीनदा खोडून चौथ्यांदा पाठवता येतं, ऐकणाऱ्याला पुन्हा मागे जाता येतं. वेळही जुळवावी लागत नाही. कॉलमध्ये तेच नडतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे सरकतात, युरोपात शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ठरलेली वेळ तासाने चुकते आणि कुणीतरी रिकाम्या स्क्रीनसमोर ताटकळतं.

तरीही मी कॉलच निवडेन. घासूनपुसून पाठवलेल्या आवाजात माणूस भेटतो तो इस्त्री केलेला. कॉलवर मागून आई हाक मारते, मांजर कीबोर्डवरून चालत जातं, शब्द आठवेना की हातवारे सुरू होतात. ज्या घरात राहायला जायचं, ते घर आपसात कसं बोलतं, हे इथेच कानावर पडतं. (स्वतःचाच चेहरा बघत बसायची सवय असेल, तर ती खिडकी लपवून टाका.)

ॲलर्जी, औषधं, खाण्याची पथ्यं मात्र लिहूनच कळवा.