तीस मीटरचा एक्स्टेन्शन ड्रम: सात महिने वापरला, मग वितळला

ऑक्टोबरमध्ये घेतलेला ड्रम (लांब वायर गुंडाळलेली, सॉकेट असलेली चकरी) मे महिन्यात भुसावळला गच्चीवर शेडचं काम चालू असताना वितळला. आत वायरीचे थर एकमेकांना चिकटले, तांबं उघडं पडलं. पायाखाली लोखंडी पाइप, पोराच्या हातात लोखंड कापायचं कट-ऑफ मशीन. आणि १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडलीच नाही.

तोवर हाच ड्रम मी चार जणांना घ्यायला लावला होता. अस्सल तांबं, थ्री कोअर (आत तीन तारा), दीड एमएम (म्हणजे तारेचा छेद दीड चौरस मिलिमीटर), वायरीवर आयएस ६९४ हा भारतीय मानकाचा नंबर. ग्राइंडर, ड्रिल, सगळं त्यावर चाललं. म्हणून पहिला राग कंपनीवर निघाला. ‘चुकीचा वापर’ म्हणत त्यांनी वॉरंटी नाकारली, दोन दिवस फोनवर भांडलो.

मग ड्रम जळगावच्या वायंडिंगवाल्या मित्राकडे नेला. बघताच त्याने विचारलं, “भो, वायर पुरी सोडेल व्हती का?”

नव्हती. दहा मीटर बाहेर, वीस आत. त्याने बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला: २२०० वॅटचं मशीन साधारण १० अँपिअर ओढतं, आणि दीड एमएमची तीस मीटर वायर तेवढ्यावर ७० वॅट उष्णता सोडते. वायर मोकळी असली तर ती हवेत जाते, गुंडाळलेली असली तर आतच कोंडते. (गुंडाळीचं चुंबक होतं म्हणून तापते, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. जाणारा-येणारा करंट एकाच वायरीत असल्याने तो परिणाम कटतो.) त्यात भुसावळचं मेचं ऊन. एमसीबीला १० अँपिअर चालतात, ड्रम किती तापला हे तिला कळत नाही.

म्हणजे वायर चांगलीच होती, चूक आमच्या वापरात होती. तरी एका गोष्टीसाठी कंपनीला माफी नाही. ‘गुंडाळलेला असताना १००० वॅट, पूर्ण सोडल्यावर ३०००’ हे ड्रमवर छापलेलं आहे, पण हँडलच्या आतल्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढ्या इंग्रजी अक्षरांत. कंपनीचं नाव मात्र वीतभर. मशीन ज्याच्या हातात, त्याला वाचता येईल असं मराठीत, समोर, लाल रंगात छापायला किती खर्च येतो?

आता अडीच एमएमची सुटी थ्री कोअर वायर घेऊन १६ अँपिअरचा टॉप (मोठा प्लग) लावलाय. पैसे जवळपास दुप्पट गेले, ते मला लागले. पण तेच मशीन तासभर चालवून हात लावला, वायर गार. जड आहे, जिन्यावरून न्यायला दोघं लागतात. जुन्या घरांत १६ अँपिअरचा पॉइंट फक्त गिझरचा असतो, म्हणून काम सुरू करण्याआधी मी सरळ बाथरूम कुठंय ते विचारतो. कन्व्हर्टर पिन (मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारी) लावून ६ अँपिअरच्या पॉइंटवर मशीन चालवायचं बंद केलंय.