दारात येणाऱ्या टेम्पोतली कलमं घेऊ नका : आमचे 19,800 रुपये गेले

नवीन रो-हाउसच्या वसाहतींमधून रोपांचे टेम्पो पुन्हा फिरायला लागलेत. ज्यांचं बांधकाम नुकतंच संपलंय, अंगण उघडं आहे आणि आवडीची झाडं लावायची घाई आहे, तेच यांचं गिऱ्हाईक. आम्ही त्यातलेच. जून 2025, मृगाचा पहिला दमदार पाऊस झालेला, खड्डे खणून तयार. अशा वेळी दारात हापूस आणि फुललेला सोनचाफा येऊन उभा राहतो.

हिशेब पैशापैशाचा देतो. हापूसची 'तीन वर्षांची' कलमं दोन, 1,850 प्रमाणे 3,700. केसर एक, 1,400. फुलं लागलेला सोनचाफा दोन नग, 2,400. 'कलमी' लिंबू 600. गुलाब बारा, 220 प्रमाणे 2,640. 'कुजलेलं' शेणखत दहा गोणी 1,800, गांडूळखत चार गोणी 1,800. लावणीची मजुरी 1,500. शिवाय पुढच्या फेरीला आणायचं कापा फणसाचं कलम आणि दोन बाणवली नारळ यांचे आगाऊ 4,000. एकूण 19,840, वरचे चाळीस टेम्पोवाल्याने सोडले. 8,000 रोख दिले, 11,800 क्यूआरवर. क्यूआरवर आलेलं नाव आणि पावतीवरचं नाव वेगळं होतं. 'भावाचं खातं आहे' म्हणाला. नावं जुळली नाहीत तर एक रुपयाही पाठवू नका.

पण खरी चूक पैसे देण्याच्या आधीच झाली होती, आणि ती आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. हापूसच्या त्या कलमांवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, प्लॅस्टिकची पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. कोरी करकरीत. तीन वर्षांच्या कलमावर पट्टी असतेच कशी? मृदुकाष्ठ कलमात खुंटावर, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर, हव्या त्या जातीची काडी बसवून पट्टी आवळतात. दोन-तीन महिन्यांत सांधा जुळला की ती पट्टी कापून काढावी लागते, नाहीतर खोड जाड होत जातं तशी ती सालीत रुतते आणि कलमाचा गळा आवळला जातो. म्हणजे तीन वर्षांच्या झाडावर पट्टी दिसायला नको, दिसायला हवी ती सांध्याची गाठ. खोड तिथे किंचित फुगलेलं असतं, आणि गाठीच्या वरची साल नि खालची साल एका रंगाची नसते. इथे पट्टीवर धूळ नाही, शेवाळाचा डाग नाही, सालीत रुतलेली कड नाही. हे सगळं दिसत होतं. पट्टी हाताने चाचपलीसुद्धा. विचारलं, तर म्हणाला, 'प्रवासात सांधा हलू नये म्हणून नवी बांधलीय.' आणि आम्ही गप्प बसलो.

त्याचं उत्तर अगदीच थिल्लर नव्हतं. लांबच्या प्रवासात कलमं आधाराच्या काठीला बांधतात, हे खरं आहे. त्याच्याकडे परवान्याचं लॅमिनेट केलेलं कार्ड होतं, छापील पावतीपुस्तक होतं, शेजारच्या तीन घरांनी त्याच दिवशी झाडं घेतली होती. चार शहाणी माणसं घेतायत म्हटल्यावर पट्टी सोडून दाखव म्हणायला जीभ रेटत नाही. पण रेटा. पट्टी सोडायला दहा सेकंद लागतात, आणि खऱ्या जुन्या कलमाचं त्यात काहीही बिघडत नाही. विकणारा नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

आमच्या पट्ट्या सोडल्या त्या पंधरा दिवसांनी. दोन्ही हापूसच्या खोडांना खालपासून वरपर्यंत एकच अखंड साल. केसरवर ब्लेडने मारलेली एक उथळ खाच, ती भरूनही आलेली. तिन्ही कोयीपासून उगवलेली रोपं, खुंट म्हणून वापरतात तशी. हापूसची कोय लावली तरी हापूस येत नाही, कारण एका कोयीतून एकच रोप येतं आणि ते संकरातून झालेलं असतं. ही तर कुठल्या रायवळाची कोय तेही कळायला मार्ग नाही. या फसवणुकीतला सगळ्यात नीच भाग म्हणजे अशी रोपं मरत नाहीत. चांगली तरारतात. घेणारा सात-आठ वर्षं पाणी घालतो, मोहोर येतो, आणि आंबट-चोथा फळ हातात आल्यावर कळतं. तोवर टेम्पो कुठे आणि पावती कुठे.

सोनचाफ्याने मात्र आठवडाही काढला नाही. चौथ्या दिवशी फुलं गळली, सातव्या दिवशी पानं लोंबली, नवव्या दिवशी धरून वर ओढला तर चिखलातून काठी निघावी तसा हातात आला. खाली कोयत्याने तिरपी तोडलेली, अंगठ्याएवढी जाड फांदी. एक मूळ नाही. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गड्डा, म्हणून जे होतं ते काळ्या चिकणमातीचा गोळा, वर गोणपाट, वर सुतळी. गोणपाट सोडलं तेव्हा त्या मातीवर दाबणाऱ्याच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे होते. लावताना त्याने बजावलं होतं, 'गोणपाट काढू नका, मुळं दुखावतात, ते आपोआप कुजतं.' ही सूचना एरवी खरी असते. म्हणूनच ती इतकी चालते. खऱ्या हुंडीत गोणपाटाच्या विणीतून बारीक पांढरी मुळं डोकावतात, आणि बुंधा धरून हलवला की गोळा आणि खोड एकत्र हलतं. खोड मातीत सैल फिरत असेल तर ती खोचलेली फांदी आहे.

सोनचाफ्याच्या फांदीला सहजासहजी मुळं फुटत नाहीत, म्हणून त्याचं कलमच घ्यायचं. बियांच्या रोपाला फुलायला आठ-दहा वर्षं लागू शकतात, कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलतं. दीड-दोन फुटांचं, पिशवीतलं कलम घ्या. सहा फुटांचं फुललेलं झाड नको. मोठं झाड उपटताना मुळं तुटतात, आणि लहान पिशवीत वाढवलेलं असेल तर मुळं आत गोल फिरून बसलेली असतात.

लिंबाचं तर दुःख वेगळंच. आपल्याकडे कागदी लिंबू बियांपासूनच करतात, कारण त्याच्या बियांतून येणारी बहुतेक रोपं आईसारखीच निघतात. त्यामुळे रोप वाईट नाही, पण 'कलमी' म्हणून त्याचे 600 रुपये घेणं हा उघड दरोडा आहे. बारा गुलाबांपैकी सातांचा भरलेला डोळा, म्हणजे खुंटावर बसवलेली चांगल्या जातीची कळी, आधीच काळा पडून मेलेला होता, त्याखालून खुंटाचे हिरवे लवचिक फुटवे निघाले. तसे फुटवे बुडापासून ओरबाडून काढायचे असतात. पण डोळाच मेलेला असेल तर मागे काहीच उरत नाही. पिशवीत दिसणारी टपोरी फुलं शेजारी खोचलेल्या डहाळ्यांवरची होती. शेजारच्या घरात त्याने 'निळ्या गुलाबा'ची चार रोपं 1,600 रुपयांना खपवली. निळं रंगद्रव्य गुलाबात मुळातच नाही. जपानमधल्या सनटोरी कंपनीने जनुकं बदलून 2009 मध्ये जो गुलाब बाजारात आणला, तोही जांभळट दिसतो. टेम्पोत निळा गुलाब मिळत नाही.

शेणखत कच्चं होतं. गोणीत हात घातला की उष्ण लागायचं, वास मारायचा, आत हुमणीच्या पांढऱ्या अळ्या. कुजलेलं शेणखत काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला घाण वास येत नाही. कच्चं घातलं की खड्ड्यात उष्णता होऊन कोवळी मुळं जळतात. गांडूळखत म्हणून काळी माती आणि राख. मूठभर खत काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून पाहा, तळाशी गाळाचा जाड थर बसला तर माती आहे.

दहाव्या दिवशी फोन लागला तो शेवटचा. म्हणाला, 'तुमच्या मातीत बिल्डरचं सिमेंट आहे, आमचा काय दोष.' नवीन घराच्या अंगणात डबर, चुना, सिमेंट असतं, त्याने मातीत चुन्याचं प्रमाण वाढतं, लिंबू नि गुलाब पिवळे पडतात, हे सगळं मान्य. म्हणूनच आम्ही दोन फूट खोल डबर काढून लाल माती आणि पोयटा भरला होता. आंब्याचे खड्डे मीटरभर लांब, रुंद, खोल घेतले होते. तोडलेल्या फांदीला सिमेंट काय करणार?

आता दाद मागण्याचं ऐका. पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून साधा अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. फसवून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली दखलपात्र गुन्हा आहे. ते सांगितल्यावर उत्तर मिळालं, 'झाडं मरतातच.' टेम्पोच्या नंबराचा फोटो दिला, त्यावरून मालक कोण हे पाहायला पाच मिनिटं लागली असती. कुणी पाहिलं नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विचारलं ओटीपी दिला का, लिंक उघडली का. नाही म्हटल्यावर, 'मग तुम्ही स्वतःच पैसे पाठवलेत.' बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेकडून खातेदाराचा पत्ता आणा. या दोघांमध्ये आमच्या पाच खेपा झाल्या, पाच दिवसांची रजा गेली. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात 1969 पासून कायदा आहे, परवाना कृषी खातं देतं. तिथे कार्डावरचा नंबर दाखवला तर तो त्यांच्या नोंदीत नाही, आणि नोंदीत नाही म्हणून 'आमच्या अखत्यारीत येत नाही'! बनावट परवाना दाखवून कलमं विकणारा ज्यांच्या अखत्यारीत येत नाही, त्यांनी परवाने द्यायचे तरी कशाला? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नीट माहितीही मिळाली, पण सामनेवाल्याचा पत्ता लागतोच. पावतीवर फक्त मोबाइल नंबर. पत्ता नसलेली पावती कुणाकडूनही घेऊ नका, आणि तिच्यावर झाडाची जात, 'कलम' हा शब्द आणि नगसंख्या लिहून घ्या. नुसतं 'आंबा रोप' असेल तर उद्या तो म्हणेल, रोपच विकलं होतं.

आगाऊ दिलेले 4,000 तर विसरलोच आहोत. पुढच्या फेरीचे पैसे म्हणजे तो परत येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. कलमं हवी असतील तर पावसाळ्याच्या तोंडावर दापोली किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या, नाहीतर तालुक्याच्या शासकीय रोपवाटिकेतून स्वतः जाऊन आणा. घाटावर कोरड्या हवेत हापूसपेक्षा केसर जास्त बरा, हे तिथला माणूस सांगतो. टेम्पोवाला सांगत नाही.

आंब्याची तिन्ही रोपं उपटली नाहीत. शेंड्याकडची कोवळी फूट पेन्सिलीएवढी जाड आणि तांबूस असताना जागेवरच मृदुकाष्ठ कलम करता येतं. खात्रीच्या केसरची तीन-चार महिन्यांची काडी, वीतभर, पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली. पट्टी आम्हीच बांधणार आणि सांधा जुळला की आम्हीच कापणार. सोनचाफ्याच्या दोन्ही खड्ड्यांतलं कच्चं शेण उपसून बाहेर ढीग केलाय, ते कुजायला चार-सहा महिने जातील.