टॉरबद्दल काय चारचौघांत बोलावं आणि काय नाही?

समजा टॉरमध्ये, म्हणजे आपली ओळख लपवून इंटरनेट वापरायच्या नेटवर्कमध्ये, खोट सापडली, किंवा बंदी चुकवायची नवी वाट सापडली. ती सगळ्यांसमोर मांडायची, की मोजक्या जाणत्यांच्या कानावर घालायची? माझं मत आधीच सांगतो. यंत्रणा कशी चालते ते खुशाल उघड बोलावं. सर्व्हरांचे गुप्त पत्ते आणि अजून न बुजवलेलं भगदाड यांची वाच्यता करू नये.

टॉरची मूळ कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली. तरीही सरकारांना घाबरणारी माणसं ते वापरतात, कारण कोड खुला आहे आणि रचनेचा शोधनिबंध २००४ पासून कुणालाही वाचता येतो. तुमची वाहतूक तीन रिलेंतून, म्हणजे मधल्या सर्व्हरांतून, जाते; त्यातल्या पहिल्याला तुम्ही कोण हे कळतं आणि शेवटच्याला कुठे निघालात हे. एवढं सगळ्यांना ठाऊक असून कुणाचं बिघडत नाही.

माहिती दाबून ठेवली की काय होतं, ते २०१४ मध्ये दिसलं. ३० जानेवारीला ११५ रिले नेटवर्कमध्ये शिरले आणि ४ जुलैला हाकलले जाईपर्यंत वापरणारे कोण हे हुडकण्यासाठी त्यांच्या वाहतुकीवर खुणा करत राहिले. टॉरच्या अंदाजाने हे काम ज्या संशोधकांचं होतं, त्यांनी महिनोन् महिने विचारूनही थोडेफार धागेदोरेच दिले. ३० जुलैला टॉरने सगळं जाहीर केलं, तेही दुरुस्त आवृत्ती हातात ठेवून. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

उलट बाजू चीनने शिकवली. रिलेंची यादी उघड असते, म्हणजे ती सेन्सॉरलाही मिळते. सप्टेंबर २००९ मध्ये चीनने ते रिले अडवले. लोक यादीत नसलेल्या रिलेंकडे, म्हणजे ब्रिजकडे वळले. मार्च २०१० पर्यंत संकेतस्थळावरून आणि ईमेलने वाटलेले ब्रिजही गेले. ओळखीतून हातोहात दिलेले तगले. पुढे ओबीएफएस४ (obfs4) ही ब्रिजशी होणारी वाहतूक ओळखू न येऊ देणारी पद्धत आली, त्यात दोन्ही बाजूंचं शहाणपण आहे: पद्धत जगजाहीर, पण प्रत्येक ब्रिजची किल्ली वेगळी, आणि ती नसेल तर दार ठोठावणाऱ्याला ब्रिज ओळखच देत नाही.

म्हणून एक कळकळीची विनंती. ‘कनेक्ट होत नाहीये’ म्हणून लोक ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात आणि त्यात ब्रिजची अख्खी ओळ दिसते: आयपी पत्ता, पोर्ट, मागे अक्षरांची लांबलचक माळ. शंभर जणांच्या ग्रुपात ती गेली की ब्रिज जळालाच समजा. ओळ झाका, मग खुशाल विचारा. आपण कुठून आणि कशासाठी वापरतो हेही त्या प्रश्नात नको.

खोट सापडली असेल तर आधी थेट टॉरच्या सुरक्षा गटाला कळवा. २०१७ मध्ये त्यांनी खोट शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजनाही सगळ्यांना खुली केली होती. दुरुस्ती लोकांच्या मशीनवर पोचली, की मग सविस्तर, उघड आणि नावानिशी लिहा.