साठ रुपयांची कोरी कार्डं आणि सोनपापडीचा डबा, अडीच महिने वापरून

आधीच सांगते, हौस म्हणून नाही घेतलं हे, औषधांची नावं पाठ करायला घेतलं. इंदूरच्या दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या ठोक बाजारात, भाऊजींच्या काउंटरवर बसायला लागले, वय ४६, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की डोक्याची पार चाळणी झालीय. रिटेलवाले येतात आणि पटापट नावं टाकतात, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, थायरोनॉर्म म्हणजे थायरॉक्सिन, आणि मी आपली भाऊजींच्या तोंडाकडे बघतेय. वहीत सगळं उतरवून काढलं, रात्री चार-चार वेळा वाचलं, झोपताना अगदी पाठ झाल्यासारखं वाटायचं आणि सकाळी पाटी कोरी.

त्यात जावेच्या नादानं एका मेमरीच्या क्लासला जाऊन आले, तीन रविवार, १८०० रुपये. नाव लिहीत नाही. ओळखीच्या रस्त्यावर मनातल्या मनात एकेका जागी एकेक वस्तू ठेवायची, ही युक्ती तिथे शिकवली, आणि ती खोटी नाहीये बरं का, जुन्या ग्रीक लोकांपासून चालत आलीय. सामानाच्या यादीला झकास. माझा साबुदाणा अजून राजवाड्याच्या दारात सांडलेला आहे, गोपाळ मंदिराच्या पायरीवर तुपाची बरणी आणि काच मंदिरात साबणाच्या वड्या. पण तीनशे औषधांना इंदूर कुठवर पुरणार? शेवटच्या रविवारी त्यांनी ब्राह्मीची पावडर विकायला काढली, तेव्हा मी चपला घातल्या.

मग भाचा म्हणाला, मामी, कार्डं कर. खजुरी बाजारातून कोऱ्या कार्डांची तीन पाकिटं आणली, शंभराचं पाकीट ६० रुपयांना. घरात दिवाळीचा सोनपापडीचा डबा पडलेलाच होता, त्यात पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या उभ्या केल्या की झाले पाच कप्पे. एका बाजूला ब्रँड, मागे सॉल्ट, म्हणजे गोळीतलं मूळ औषध. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज स्वतःला विचारायची, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्यानं, पाचवा पंधरा दिवसांनी. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की गुपचूप पहिल्यात, मग ते पाचव्यातलं असलं तरी. सेबास्टियन लाइटनर नावाच्या विज्ञान-पत्रकारानं १९७२ मध्ये ही पद्धत लोकांपुढे आणली. मागचं गणित त्याहून जुनं आहे, १८८५ मध्ये एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करून मोजलं होतं की विसरणं सुरुवातीला धडाधड होतं आणि नंतर मंदावतं. म्हणून सुरुवातीला रोज आणि मग अंतर वाढवत न्यायचं.

खरी गंमत मात्र कार्ड उलटण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत आहे. आठवत नाही, जिभेवर आहे, चिडचिड होते, तेच काम करतं. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिके या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, आणि आठवड्यानं विचारलं तर त्यांना ४२ टक्के आठवलं, न बघता लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे माझी रात्रीची वही मला पाच मिनिटांचाच पास देत होती!

आमच्या आईंना म्हणजे सासूबाईंना यात नवल काहीच वाटलं नाही. त्यांच्याकडून लहानपणी रोज संध्याकाळी परवचा म्हणून घ्यायचे, अजून पावकी विचारा, 'पंधरा पाव पावणेचार' असं धाडकन येतं. चष्मा मात्र दिवसातून चारदा शोधतात. त्याला कार्डं नाही चालत, कारण चष्मा ठेवताना लक्षच नसतं, मग डोक्यात जाणार काय आणि बाहेर येणार काय. फ्रिजवर एक वाटी ठेवलीय, चष्मा तिथेच. बस.

आता कुरकुर. पहिल्या पाकिटाचा कागद इतका पातळ की मागचं सॉल्ट पुढून दिसायचं, पंधरा दिवस मी हुशार झाले असं समजून खुश होते. दुसरं, मी सुरुवातीला एका कार्डावर सॉल्ट, डोस, कंपनी सगळं कोंबलं, ते कार्ड कधीच पुढे सरकेना, एका कार्डावर एकच गोष्ट पाहिजे. आणि सुट्टी परवडत नाही, पुण्याला लग्नाला आठ दिवस गेले तर परत आल्यावर ९० कार्डं वाट बघत होती, आठवडाभर नवीन एकही लिहिलं नाही. उलट बाजूनंही विचारावं लागतं, पँटोप्राझोल म्हटल्यावर पॅन आठवत नव्हतं, पॅन म्हटल्यावर पँटोप्राझोल यायचं.

अडीच महिन्यांत २४० कार्डं झालीत, त्यातली दीडशे तरी चौथ्या-पाचव्या कप्प्यात. नावांचे शेवट जुळवायचीही सवय लागली, नावात शेवटी सार्टन आलं की बीपी, ग्लिप्टिन आलं की शुगर, स्टॅटिन आलं की बहुतेक कोलेस्टेरॉल. तरी औषध देताना स्ट्रिपवरचं नाव वाचूनच देते हं, तिथे आठवणीचा भरवसा नको.

पाचपैकी चार स्टार, एक कागदाचा कापला. घेताना जाड कार्डंच मागा, दहा-वीस रुपये जास्त जातील. आणि काजूकतलीचा डबा घेऊ नका, उथळ असतो, झाकण लागत नाही.