ओव्हरक्लॉकसाठी ड्युअल टॉवर एअर कूलर की ३६० एमएम एआयओ?

ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त वेगाने चालवायचं, एकदा ठरलं की बजेट कुलिंगवरच येऊन अडकतं. ड्युअल टॉवर म्हणजे मेटलच्या पट्ट्यांचे दोन मनोरे आणि फॅन असलेला एअर कूलर, आणि एआयओ म्हणजे पंपाने पाणी फिरवून हीट रेडिएटरपर्यंत नेणारा बंद वॉटर कूलर. मी हे दोन्ही प्रकार एकाच प्रोसेसरवर आणि एकाच केसमध्ये वापरलेत, तेव्हा जे जाणवलं ते सांगतो, तुमच्याकडे थोडं उन्नीस-बीस होऊ शकतं.

लांबलचक रेंडरला (व्हिडिओ किंवा थ्रीडी सीन तयार करताना) सगळे कोअर १०० टक्क्यांवर गेले की एआयओ पुढे असतो, यात वादच नाही. पाणी तापायला वेळ लागतो त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं फॅन शांतच फिरतात, आणि इंटेलचे वरचे के मॉडेल्स (ओव्हरक्लॉक करता येणारे), जे पॉवर लिमिट काढली की २५० वॉटच्या पुढे सहज जातात, तिथे तर हा फरक चांगलाच दिसतो. एएमडीच्या रायझन ७००० सिरीजला मात्र तेवढा फायदा नाही मिळत, कारण कोअरची डाय, म्हणजे चिपचा तुकडा, एवढीशी आणि वरचं मेटलचं झाकण जाड, म्हणजे हीट कूलरपर्यंत पोचायच्या आधीच अडकते, मग रेडिएटर कितीही मोठा लावा.

तरी मी एअरवर आलो ते पंपामुळे. मशीनवर काही चालू नसतं, रात्रीची वेळ, आणि तो बारीक एकसुरी सूर चालूच. फॅनच्या आवाजाची कानाला सवय होते, याची मला तरी झाली नाही. रेडिएटर केसच्या छताला लावला म्हणजे हवा पंपात न राहता वर जाते, त्याने बुडबुड्यांची खळखळ थांबली पण सूर तसाच, स्पीड कमी केला तर फक्त पट्टी बदलली.

एअरचीही कटकट आहेच. नुसता ब्राउझर उघडला तरी टेम्परेचर क्षणात उडी मारतं, फॅन जोरात फिरतो आणि लगेच खाली येतो, हे सारखं होत राहिलं की वैताग येतो. पण याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) इलाज आहे, फॅनचा स्टेप अप टाइम, म्हणजे वेग वाढवायला घेतलेला वेळ, काही सेकंदांनी वाढवा आणि ७० अंशांपर्यंत कर्व्ह (टेम्परेचरप्रमाणे फॅनचा वेग) जवळपास सपाट ठेवा, ती वरखाली बंद होते. पंपाच्या सुराला मला असा इलाज सापडला नाही.

एअर कूलर मोठा असतो, तो बसेल ना हे पाहायला रॅमची उंची आणि केसची रुंदी तेवढी मोजून घ्या. पुढेमागे फॅन गेला तर त्याच साइजचा दुसरा क्लिपने बसवता येतो, एआयओचा पंप गेला तर बहुतेक वेळा अख्खं युनिटच बदलावं लागतं.

एअरवर शेवटचे १०० मेगाहर्ट्झ सोडावे लागतात हे मान्य, पण तेवढ्यासाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि हीट तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ते सोडल्याचं मला काही वाटलं नाही, गेममध्ये तर फरक कळतही नाही. रोज तासन् तास रेंडर करणाऱ्यांनी एआयओ जरूर घ्यावा, फक्त मशीन टेबलावर कानाजवळ न ठेवता खाली ठेवा.