ड्रॉइड वर्षभर वापरलं, फाइलची पाटी वाचणारा बिनपैशाचा कारकून

आधीच सांगते, हा मोबाईलमधला अँड्रॉइड नाही. ड्रॉइड म्हणजे ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्हजने बनवलेलं एक फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्याला एखादं फोल्डर दाखवायचं आणि ते आतली प्रत्येक फाइल खरोखर कुठल्या प्रकारची आहे ते सांगतं. बस एवढंच काम. मी म्युझियमच्या संग्रह विभागात आहे, आमच्याकडे आता चित्रं-मूर्तींइतक्याच हार्ड डिस्का आणि सीड्या येतात, व्हिडिओ कलाकृती, जुने किऑस्क, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कलाकृती, आणि त्यांच्यासोबत येणारी कागदपत्रं म्हणजे बहुतेकदा "सगळं डिस्कमध्ये आहे" एवढी एक ओळ. त्यामुळे वर्षभर हे टूल रोज उघडलंय, म्हटलं लिहावं.

इन्स्टॉल करणं म्हणजे फार काही नाही. जावा हे सॉफ्टवेअर लागतं, पण विंडोजसाठी जावा आतच बांधून दिलेलं पॅकेज मिळतं, झिप सोडवा आणि चालवा. दिसायला जुन्या सरकारी फॉर्मसारखं आहे, सौंदर्य शोधू नका. पहिल्यांदा उघडलं की सिग्नेचर, म्हणजे प्रत्येक फॉरमॅट ओळखायच्या खुणा, अपडेट करून घ्या, कारण खरी अक्कल त्या सिग्नेचर फाइलमध्ये असते, ती प्रोनॉम नावाच्या त्यांच्याच फॉरमॅटच्या नोंदवहीतून येते. आणि दुसरं, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढायची टिक लावा, तिथे एसएचए-२५६ ही पद्धत निवडा, हे स्कॅन सुरू करायच्या आधी करा कारण सेटिंग नव्या प्रोफाइललाच, म्हणजे नव्या स्कॅनलाच, लागू होतं. मी पहिल्या वेळी विसरले, अख्खी डिस्क परत स्कॅन केली. चूक माझीच.

आता हे ओळखतं कसं ते बघा, कारण त्यातच मजा आहे. एक्स्टेन्शनवर विसंबून न राहता ते फाइलच्या आतले बाइट वाचतं. पीडीएफ असेल तर सुरुवातीलाच तसं लिहिलेलं असतं, जेपेग एफएफ डी८ एफएफ ने सुरू होते. आजच्या वर्ड फाइलची पहिली दोन अक्षरं पीके, कारण ती मुळात झिप आहे आणि झिप बनवणारा फिल कॅट्झ, पीके ही त्याचीच आद्याक्षरं. मग पीके दिसलं की वर्ड म्हणायचं का ईपब का साधी झिप? तिथे ते आत शिरून बघतं, त्याला कंटेनर सिग्नेचर म्हणतात. प्रत्येक फॉरमॅटला एक नंबर मिळतो, म्हणजे पीडीएफ १.४ असेल तर एफएमटी/१८, जुनी वर्ड डॉक्युमेंट एफएमटी/४०. हे नंबर आमच्या कॅटलॉगमध्ये जसेच्या तसे टाकतो, "वर्डची फाइल" असं मोघम लिहिण्यापेक्षा शंभरपट बरं. आणि नाव एक, आतलं भलतंच असेल तर त्या ओळीवर इशारा देतं. कुणीतरी .एमओव्ही चं नाव बदलून .एव्हीआय केलेलं असं पाच मिनिटांत पकडलं जातं.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट वेगळीच आहे. नव्वदच्या दशकातली एक इंटरॅक्टिव्ह कलाकृती आमच्याकडे आली, मूळ मॅकवर केलेली, पुढे कधीतरी कुणीतरी ती नव्या मॅकवरून पेन ड्राइव्हवर कॉपी केलेली. साडेअकरा हजार फाइली. रिझल्टमध्ये फॉन्टचं फोल्डर उघडलं तर एकामागून एक फाइल शून्य बाइट, फॉरमॅट ओळखला नाही, आणि हॅशच्या कॉलममध्ये सगळ्यांना तोच ई३बी०सी४४२ ने सुरू होणारा आकडा. (रिकाम्या फाइलचा एसएचए-२५६ कायम हाच येतो, एकदा लक्षात ठेवला की लांबूनच ओळखू येतो.) आमचा नवीन पोरगा म्हणाला, "ताई, ही सगळी रिकामी आहेत, आणि ही ठिपक्यावाली पण कचराच दिसतेय, उडवून टाकू का?" मी पण दमलेली होते, हो म्हणणारच होते.

नशीब की यादीत ती ठिपक्यावाली नावं लगेच खाली दिसत होती. प्रत्येक रिकाम्या फाइलची एक जोडीदार, तेच नाव, फक्त सुरुवातीला ठिपका आणि अंडरस्कोअर, आणि तिचा आकार काय तर चाळीस-पन्नास केबी. फॉरमॅटच्या रकान्यात ॲपलडबल. म्हणजे काय झालेलं, जुन्या मॅकवर एका फाइलचे दोन भाग असायचे, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क, आणि त्या काळच्या कित्येक फॉन्टचा सगळा माल रिसोर्स फोर्कमध्येच असायचा, डेटा फोर्क रिकामा. पेन ड्राइव्हच्या फॅट फाइल सिस्टिमला दोन भाग ठेवायला जागाच नाही, मग मॅकने दुसरा भाग वेगळ्या लपवलेल्या फाइलमध्ये ठेवला. विंडोजवर कॉपी करताना लोक हीच फाइल पहिली उडवतात. ती उडवली असती तर अक्षरं गेली असती कायमची, आणि पडद्यावर कलाकाराने निवडलेल्या फॉन्टऐवजी दुसराच काहीतरी आला असता आणि कुणाला कळलंही नसतं. जोडी मॅकच्या स्वतःच्या फाइल सिस्टिमवर परत कॉपी केल्यावर दोन्ही भाग जुळले, मग शीपशेव्हर या एमुलेटरवर (आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मॅकची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) जुनी सिस्टिम चालवून बघितलं, फॉन्ट आला. त्या दिवशी चहा माझ्याकडून.

आता हे श्रेय सगळं टूलचं नाही, त्याने फक्त दाखवलं, अर्थ आपल्यालाच लावावा लागला. आणि इथेच याची मर्यादा पण आहे. ड्रॉइड पाटी वाचतं, दुकानात शिरत नाही. पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार) असं दाखवलं म्हणजे फाइल स्वतःला तसं म्हणवते एवढंच, ती खरंच नियमात बसते का ते बघायला व्हेरापीडीएफ चालवावं लागतं. एमओव्ही म्हटलं की क्विकटाइम म्हणून ओळख पटते, पण आतला कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, कुठला हे जाणायला मीडियाइन्फो लावा, कारण दहा वर्षांनी व्हिडिओ चालेल की नाही ते कोडेकवरच ठरतं. शिवाय वेग राखायला ते मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या सुरुवातीचे आणि शेवटचे ६५,५३६ बाइटच तपासतं, खूण मधे कुठे दडली असेल तर सुटू शकते. ही मर्यादा काढता येते, मग स्कॅनला वेळ लागतो.

सॉफ्टवेअर कलाकृती असेल तर आणखी अवघड. डायरेक्टर या जुन्या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम विंडोजवर एक .ईएक्सई म्हणून येतं, ड्रॉइड सांगणार एक्झिक्युटेबल, म्हणजे चालवायचा प्रोग्रॅम, झालं. आत कुठली आवृत्ती, कुठले प्लगइन, कुठल्या रंगसंख्येवर आणि रिझोल्यूशनवर चालायचं, काही नाही. सोर्स कोड तर साधा टेक्स्ट, त्याला आतून ओळखायला खूणच नसते, .पीवाय नाव पुसलं की ओळख गेली, आणि ते पायथन २ चं आहे की ३ चं हा प्रश्न तर टूलच्या कक्षेबाहेरचा (२ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही). यासाठी कलाकाराशी बोलावं लागतं, चालू अवस्थेतलं व्हिडिओ रेकॉर्डिंग ठेवावं लागतं. लवकर बोला, कारण माणसं विसरतात.

कमांड लाइनची भीती नसेल तर सिगफ्रीड पण बघा, तेही प्रोनॉमच्याच सिग्नेचर वापरतं, स्क्रिप्टमध्ये बसवायला सोयीचं. मी मात्र यादी बघत बसणाऱ्यांतली आहे, मला ड्रॉइडचा फिल्टर आवडतो, "आकार शून्य", "ओळख नाही", "एक्स्टेन्शन जुळत नाही" असे तीन फिल्टर मी सेव्हच करून ठेवलेत, नवीन डिस्क आली की पहिले हेच. यादी सीएसव्हीमध्ये निघते, ती बॅगइटच्या बॅगमध्ये फाइलींसोबत टाकते. बॅगइट म्हणजे २०१८ साली आरएफसी ८४९३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आलेली साधी मांडणी, डेटा फोल्डर, वर हॅशची यादी, पुढे कधीही तपासून बघा की एकही बाइट हललेला नाही. पण बॅग विंडोजवर करणार असाल तर ठिपक्यावाल्या फाइली आत गेल्या का ते मोजून घ्या.

अजून एक, स्कॅन मूळ डिस्कवर करू नका. आधी राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून डिस्क इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढा, स्कॅन तिच्या कॉपीवर. नुसती डिस्क जोडली तरी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या फाइली टाकून मोकळी होते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या चेहऱ्यासाठी आणि यासाठी की हेल्प वाचल्याशिवाय नवीन माणसाला सेटिंगचं महत्त्व कळत नाही. पोराने आता स्वतःच चौथा फिल्टर बनवलाय, नाव ठेवलंय "ताईला विचारा".